आठ लूम सांभाळणारा कारकून

दिनू, तू चुकलास ते चुकलासच. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं मी काहीही लिहिलं तरी कुणाला वाटायला नको की म्हातारा मऊ पडला.

सहा दिवस झाले तुला जाऊन. तेराव्याला तुझ्या आठवणींची बारीकशी पुस्तिका काढायची म्हणून तुझ्या सुलभानं सगळ्यांना कागद वाटले. मलाही चार दिले. मी म्हटलं, "पोरी, मी शाळेचं तोंड न बघितलेला माणूस. मला कशाला?" तर म्हणाली, "काका, बाकीचे सगळे बाबांबद्दल चांगलंच लिहितील. तुम्ही भांडला होतात. तुम्ही खरं लिहाल." पोरगी तुझीच. बोलणं गोड आणि आत सुई.

म्हणून अंगणात बाजेवर बसून लिहितोय. कागदाखाली सुनेचा पोळपाट घेतलाय. ओळ उजवीकडं खाली घसरते. तू असतास तर पेनाच्या टोकानं टकटक करून म्हणाला असतास, "बुध्या, ओळ धर." धरतोय रे. पण टकटक करणारा नाही म्हटल्यावर ओळ कुठंही जाते.

तू आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आलास तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण तू ओरडलास. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, तेल लावून पाडलेला भांग. शेठनं नवा कारकून ठेवलेला. चाळीस लूम एकदम चालू, पायाखालची फरशी थरथरतेय, आणि तू माझ्या कानाशी येऊन गळ्याच्या शिरा ताणून विचारतोयस, "तुमचं नाव काय?" शेडमध्ये नवा माणूस ओळखायची तीच खूण होती. नवा ओरडतो. जुना ओरडत नाही. त्याला कळून चुकलेलं असतं की एवढ्या आवाजावर आणखी आवाज चढवून कुणालाच काही ऐकू जात नाही. जुना माणूस हातानं बोलतो, ओठ हलवतो, डोळ्यानं उत्तर देतो.

ते बोलणं तुला मी शिकवलं. कप धरल्यासारखी बोटं तोंडाशी नेली की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. आणि उजवा हात वर करून चिमूट धरायची, सोडायची, मग तळवा पुढं करायचा, म्हणजे 'तुझी तार तुटलीय, लूम थांबव.' ही सगळ्यात मोठी खूण. विणणारा चार लूम सांभाळतो. पुढच्या दोनांकडं बघताना पाठीमागच्या लूमवर सुताची तार तुटलेली त्याला दिसत नाही, कापड बिघडत जातं. दिसतं ते समोरच्या माणसाला. मग समोरचा हात वर करतो. त्यात शिवी नसते. चूक काढणं नसतं. ज्याची तार तुटली तो दोन्ही चिमट्या एकमेकींवर फिरवून दाखवतो, 'जोडतो.' संपलं.

हातांच्या बोलण्यात 'तुम्ही' नसतं. म्हणून तू गावातल्या जुन्या घरातला, मास्तराचा मुलगा, आणि मी शेलार गावाच्या पुढं डोंगराच्या अंगाला राहणारा पाड्यावरचा आदिवासी, तरी पहिल्या महिन्यापासून आपलं अरे-तुरेच.

बदल्यात तू मला अक्षरं दिलीस. कापडाच्या गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर, जेवणाच्या सुट्टीत. मी अंगठा उठवणारा माणूस. वर्षभरात हजेरीच्या वहीत 'बुधाजी' लिहायला लागलो. 'बु'चा उकार उलटा काढायचो. तू दर वेळी म्हणायचास, "न्हाय नव्हे बुध्या, नाही." मी म्हणायचो, "तुझं नाही तुझ्यापाशी ठेव. माझं न्हाय माझ्या बापाचं हाय." हे भांडण तीस वर्षं चाललं. आता जिंकलो म्हणायला हरकत नाही, पण समोर कुणी नाही.

आणखी एक रीत तू आमच्यातच शिकलास. शेडमध्ये माफी मागायची सोयच नव्हती. तोंडानं मागितली तर ऐकणार कोण, आणि हातानं माफीची खूण कुणी केलीच नव्हती. मग ज्याचं चुकलं त्यानं दुसऱ्या दिवशी पाळीला दहा मिनिटं आधी यायचं, समोरच्याच्या लूमपाशी जाऊन उभं राहायचं आणि मानेनं सांगायचं, जा तू, चहा पिऊन ये, मी बघतो. तो दहा मिनिटं आधी सुटायचा. विषय मिटला. त्यानंतर कुणी काही काढायचं नाही.

एकदा मी कामावर असताना तू मला गैरहजर लावलंस. दोन दिवस मी तुझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी वळून बघतो तर तू माझ्या लूमपाशी, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून उभा. मानेनं सांगतोयस, जा, मी बघतो. अरे, तू कारकून! मला मजा वाटली. दोन लूम तुझ्या हवाली केले आणि दाराबाहेर उभा राहून बघत राहिलो. एकावरची तार जोडतोस तोवर दुसऱ्याचा सूत नेणारा धोटा अडकला. तो काढायला गेलास तर शर्टावर काळं ऑइल. पलीकडं कांड्यांवर सूत भरणारी रझिया आपा हसून हसून खाली बसली. "अरे कारकून, तेरे से पेन ही संभलेगा!" असं ती ओठांनी म्हणाली ते सगळ्या शेडनं वाचलं. हातभर कापड वाया गेलं. पण तू हललास नाहीस. दहा मिनिटं पुरी केलीस.

तेव्हाच मला कळलं होतं, हा आपला माणूस.

पुढं शेड गेली, लूम भंगारात गेले, त्या जागी दुकानं उठली. माझा मुलगा आता वळ गावच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला जातो. लूमनी माझे कान नेले. उजवा पुरता गेला, डाव्यात थोडं राहिलंय. पण ओठ वाचायची सवय राहिली. जगात चार-पाच माणसांचे ओठ मला न अडखळता वाचता येतात. बाकीच्यांचे अडखळत. तुझे सगळ्यात सोपे होते. प्रत्येक अक्षर मास्तराच्या मुलासारखं स्वच्छ.

मग गावात नवे ओरडणारे आले.

तुला आठवतंय ना, एकाच आठवड्यात दोन मोर्चे. कुणाच्या तरी फोनवरच्या चित्रावरून एका बाजूचा, त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचा. दोघांच्या टेम्पोंवर माणसाहून उंच स्पीकर. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण छातीत धडधडायला लागलं. क्षणभर वाटलं, आपले लूमच चालू झाले कुठंतरी. दोघांनी आळीपाळीनं दुकानं बंद करायला लावली. रझिया आपाच्या गल्लीच्या तोंडाशी दगड पडले. तुझ्या आळीत कुणी तुझ्या भिंतीवर न विचारता झेंडा लावून गेलं. दुसऱ्या दिवशी तू भर उन्हात चढण चढून पाड्यावर आलास. घामानं भिजलेला.

"बुध्या, आपण उभं राहायचं."

"कुठं?"

"नाक्यावर. दर रविवारी सकाळी आठला, पाळी बदलते तेव्हा. दोन्हीकडचे ओरडतात, म्हणून सगळ्यांना वाटतं गावात फक्त ओरडणारेच राहतात. न ओरडणारे जास्त आहेत. पण ते दिसत नाहीत."

"उभं राहून काय होणार हाय? म्हैस पन उभीच राहते."

"म्हैस उभी राहिली की रस्ता थांबतो की नाही?"

मग तू ताणा-बाणा, एक कापड, असलं काहीतरी सुरू केलंस. मी हात वर करून तुला थांबवलं. "दिनू, ह्ये भाषणवाले बोलतात. विणणारा असलं काय बोलत न्हाय. त्याला तार तेवढी दिसते. हाय का तुटली." मग खिशातून पेन काढून माझं वाक्य लिहून घेतलंस. असा तू.

पहिल्या रविवारी आपण नऊ माणसं होतो. तू रात्रभर बसून पुठ्ठ्यांवर लिहून आणलं होतंस. 'सलोखा.' 'संयम.' 'सामंजस्य.' हे तिसरं मला वाचून होईतो सिग्नल सुटून परत लागला. समोरून पाळी सुटलेली माणसं चाललेली, कुणी बिहारची, कुणी तेलंगणाची. ती आपल्याकडं बघायची आणि पुढं जायची. मी म्हटलं, "दिनू, ह्यांना मराठी वाचता येत न्हाय, आणि मराठी येतं त्यांना ह्यो शब्द कळत न्हाय." तू रागावलास. "मग काय करू, ओरडू?"

तेव्हा मी हात वर केला. चिमूट धरली, सोडली, तळवा पुढं केला. तुझी तार तुटलीय, लूम थांबव.

रझिया आपानं बघितलं आणि तिनं केला. मग तू. मग सगळ्यांनी. पाच-सात मिनिटं नुसते हात वर. सायकलवरून चाललेला एक म्हातारा लूमवाला, पाठीवर डबा, तो पुढं गेला आणि थांबला. पाय टेकवला. मागं वळून आपल्याकडं नीट बघितलं. आणि हँडल पोटाशी धरून दोन्ही चिमट्या एकमेकींवर फिरवल्या. जोडतो.

तू रडलास, दिनू. ते पण मी लिहिणार. खरं लिहायला सांगितलंय.

त्यानंतर कितीतरी रविवार. आपण चौदा झालो, वीस झालो, पावसात सहा झालो. एकदा एका पक्षाचा कार्यकर्ता आला. म्हणाला, मंडप देतो, माइक देतो, खुर्च्या देतो, फक्त मागं साहेबांचा फोटो. तू हात जोडून नाही म्हणालास. मी म्हटलं, "माइक नको, पन खुर्च्या तरी घे. माझे गुडघे काय साहेबाच्या पक्षात न्हायत." तुझं हसू आवरेना. कार्यकर्ताही हसला आणि गेला. लोक विचारायचे, तुम्ही कोणत्या बाजूचे? तू लांबलचक समजावत बसायचास. मी म्हणायचो, आमच्या पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा दगड हाय, आम्ही त्याच्या बाजूचे. विचारणारा आपल्या वाटेला लागायचा.

आपल्या जागा ठरलेल्या होत्या. फुटपाथच्या कडेला तू, तुझ्या डावीकडं मी, माझ्या डावीकडं आपा. माझा डावा कान आपाकडं आणि डोळे तुझ्या ओठांकडं. शेडमध्ये असायचो तसेच.

आता तो रविवार. टाळून चालणार नाही.

गाडीवरून एक तरणा आला, फोन समोर धरलेला. आपली फिल्म काढत होता. तुझ्याकडं बघून म्हणाला, "काका, हा डोंगरातला माणूस फोटोसाठी आणून उभा केलाय काय?" मी ते त्याच्या ओठांवर वाचलं. मग तुझ्याकडं बघितलं. तू हसलास. तुझं ते नेहमीचं हसू, वाद वाढू नये म्हणून ठेवलेलं. शिव्या देणाऱ्यांसमोर तू तसंच हसायचास आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पण त्या दिवशी अपमान माझा होता आणि हसू तुझं.

मी त्याच्या गाडीची चावी काढली आणि गटारात टाकली. आणि ओरडलो. आयुष्यभर न ओरडलेला मी. "तुम्ही दोघंही मागनं आलात! डोंगर आमचा, जमीन आमची! दोघंही चालते व्हा हितनं!" मला माझाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून किती मोठा निघाला ते कळलं नाही. सगळा नाका थांबला. 'दोघंही' मी दोन्ही मोर्चेवाल्यांना म्हटलं, पण तेव्हा माझ्या एका बाजूला तू होतास आणि दुसऱ्या बाजूला आपा. हे मला घरी गेल्यावर कळलं.

ती फिल्म दोन्ही बाजूंनी फिरवली. बघा शांततावाले, म्हणून.

पुढच्या रविवारी मी आलो. का आलो ते मलाही सांगता येणार नाही. मान ताठच होती, पण आलो होतो. आणि तुझ्या हातात नवा पुठ्ठा. मी एकेक अक्षर जोडून वाचलं. 'मागील रविवारी आमच्यातील एकाचा तोल सुटला. त्याच्या वतीने आम्ही माफी मागतो.' तुझं सुंदर अक्षर. एकही उकार उलटा नाही. तू शिकवलेल्या अक्षरांनी मला एवढं झोंबणारं काही तोवर वाचायला लावलं नव्हतं.

"माझ्या वतीनं म्हंजे?"

"तू मागणार नव्हतास, बुध्या."

"न्हायच मागणार."

"मग कुणीतरी मागायला हवी होती."

"आन त्या पोरानं मला बोललं, त्याची माफी कोन मागतंय? त्याच्या वतीनं न्हाय लिहिलंस पुठ्ठ्यावर? का डोंगरातल्या माणसाला बोललेलं चालतं?"

तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या ओठांवर मला वाचायला काही नव्हतं.

"आमचं बोलणं घेतलंस, हात घेतलास, समदं घेतलंस. माफी तेवढी माझी माझ्यापाशी राहू दे," असं म्हणून मी वळलो. शेअर रिक्षात बसेपर्यंत मागं बघितलं नाही. सात महिने बघितलं नाही.

मी चुकलो नव्हतो असं मी आजही म्हणत नाही. पण चूक माझी होती. तिचं काय करायचं ते मी ठरवणार होतो. गरीब माणसाच्या वतीनं बोलायला गावात नेहमी कुणीतरी शिकलेला तयार असतो. चांगलं बोलतो, मनापासून बोलतो, आणि बोलून झाल्यावर गरिबाला कळतं की आपण काहीच बोललो नाही. तूही त्यातलाच निघालास, हे माझ्या पोटात बसलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर विसरलोही असतो.

चार महिन्यांपूर्वी तू पाड्यावर आलास. तुला बांधावरून येताना बघूनच मी आत गेलो आणि सुनेला सांगितलं, सांग घरी न्हाय म्हणून. माझ्या चपला दारात होत्या. तू त्या बघितल्यास. तरी बाजेवर बसलास, सुनेनं दिलेला कोरा चहा प्यायलास. मी कुडाच्या फटीतून बघत होतो. कारवीच्या काड्या आहेत, सारवण गळालेलं आहे, सगळं दिसतं. तू बारीक झाला होतास. छत्री टेकवून उठलास आणि सुनेला म्हणालास, "त्याला सांग, जागा ठेवलीय." मी ते वाचलं. स्वच्छ वाचलं. आणि मला पुन्हा राग आला. जागा ठेवलीय! एसटीत रुमाल टाकून धाकट्याला ठेवतात तशी? मोठा आला जागा देणारा.

तू बांधापर्यंत गेलास, तिथं जरा थांबलास. मी बाहेर आलो असतो तर? दारापासून बांध तो केवढा. हाक ऐकू येण्याच्या आतला. मी कुडाला कपाळ लावून उभा राहिलो आणि तू दिसेनासा झालास.

तेवढंच अंतर आता रोज सकाळी मोजतो, डोळ्यांनी.

मंगळवारी निरोप आला. तुझ्या घरी पोचलो तर गल्ली माणसांनी भरलेली. आत जायला पाय होईना. दाराबाहेर भिंतीला टेकून रझिया आपा उभी होती. सात महिने मी तिलाही तोंड दाखवलं नव्हतं. मी 'दोघंही चालते व्हा' म्हटलं तेव्हा तीच शेजारी होती ना. वाटलं, आता ही तोंड फिरवणार. तिनं फिरवलं नाही. माझ्या डाव्या बाजूला आली. तिला अजून लक्षात होतं कोणता कान चालतो ते.

"बुध्याभाई, तुम्हारा दोस्त पागल था."

"का?"

"दो आदमी की जगह लेके खडा रहता था. एक पाँव अपनी जगह पे, एक तुम्हारी. इतने महिने. हाथ भी दोनों ऊपर करता, एक अपना, एक तुम्हारा. कोई बीच में आके खडा होने लगा, तो बोलता, इधर नको, हा लूम चालू हाय, बंद न्हाय."

"न्हाय म्हणायचा?"

"न्हायच बोलता था. मैंने बोला, कारकून, तेरे से दो लूम नहीं संभलते. तो बोला, आता आठ सांभाळतोय आपा, चार माझे, चार बुध्याचे. तो चहा प्यायला गेलाय."

मी भिंत धरली.

आपा आणखी बोलत होती. तो माफीचा पुठ्ठा तू त्याच दिवशी, माझी रिक्षा सुटल्या सुटल्या, रुमाल ओला करून पुसलास म्हणे. आणि नंतर तो गाडीवाला एकदा परत आला होता. माझ्याबद्दल काहीतरी बोलला. "उस दिन कारकून हसा नहीं," एवढंच आपा म्हणाली. "सामने जाके खडा हो गया. वो पोरगा ही निकल गया."

दिनू, हे तू पाड्यावर आलास तेव्हा का नाही सांगितलंस? कुडापलीकडं मी आहे हे तुला ठाऊक होतं. मी ओठ वाचतो हे ठाऊक होतं. दोन वाक्यं जास्त बोलला असतास. पण तू आमची रीत पाळलीस. लूम सांभाळणारा बोलून दाखवत नाही. तो उभा राहतो. ही रीत तुला मीच शिकवली आणि मलाच ती ओळखता आली नाही. जागा ठेवलीय म्हणजे रुमाल टाकलाय असं मी समजलो. तू तिथं सगळ्या अंगानिशी उभा होतास, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, त्या वयात, आणि मी घरी बसून तुझ्यावर रागावत होतो. चहा प्यायला गेलेला माणूस सात महिने परत आला नाही.

तुझ्यापाशी आत गेलो तेव्हा सगळ्यांनी फुलं वाहिली. मी तुझ्या ओठांकडं बघत राहिलो. सवय.

काल रविवार होता. मी पहाटेच उठून पाडा उतरलो, शेलारला पहिली रिक्षा धरली. नाक्यावर पोचलो तेव्हा आठाला दहा मिनिटं कमी होती. आपा नेहमी सगळ्यांच्या आधी येते, पुठ्ठे भिंतीला लावून ठेवते. मी तिच्या आधी पोचलो होतो. ती आली, काखेत पुठ्ठ्यांचा गठ्ठा, मला बघून थबकली. मी तिच्या काखेतला गठ्ठा काढून घेतला आणि मानेनं टपरीकडं खूण केली. जा आपा, चहा पिऊन ये. मी बघतो.

ती जुनी शेडमधली बाई. नाक्यावरच्या घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "कारकून से अच्छा संभालेगा क्या?" आणि टपरीवर जाऊन बसली. पुरी दहा मिनिटं बसली. एका कपाला तिनं इतका वेळ कधी लावला नव्हता.

तिचं नि माझं मिटलं. राहिला तू.

आठ वाजले. माणसं येऊन उभी राहिली. सुलभा दुःखात घरी, ती नव्हती. आपा तिच्या जागी, मी माझ्या. माझ्या उजवीकडं तुझी जागा मोकळी. कुणी सरकायला लागलं तेव्हा मी हात आडवा केला. मग उजवा पाय उचलून तुझ्या जागेवर ठेवला. सांगतो तुला, फार अवघड आहे. पाय फाकतात, गुडघे ठणकतात, दोन्ही हात वर धरले की खांदे भरून येतात. तू सत्तरी उलटलेला माणूस, हे कसं केलंस? पाच मिनिटांत माझा डावा हात खाली यायला लागला. तो माझा होता. तुझा मी वर धरून ठेवला.

समोरून पाळी सुटली. कुणी बघितलं, कुणी नाही बघितलं. सायकलवाला म्हातारा दिसला नाही. गाडीवाला पण नाही. कुणी उत्तर दिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण लूमपाशी उभं राहणारा उत्तरासाठी राहत नाही.

मी माफी हा शब्द इथं तुझ्यासाठी लिहिणार नाही, दिनू. तू चुकलास ते चुकलासच, आणि मी चुकलो ते मला ठाऊक आहे. त्याचं मी माझ्या पद्धतीनं केलंय. काल दहा मिनिटं आधी गेलो होतो. दर रविवारी जाईन, पाडा उतरता येतोय तोवर.

सुलभानं दिलेला चौथा कागद संपत आला. ओळ पार खाली गेलीय. राहू दे.

इतके महिने उभा होतास. आता जा तू, चहा पिऊन ये. सावकाश ये. मी बघतो.